दोन धातूंचा शेजार

मृगाचा पाऊस वेळेवर लागला, तरवा वीतभर वाढला, खाचरात पाणी साचले आणि नेमक्या चिखलणीच्या सकाळी यंत्र बंद पडले, अशी हकिकत कोकणातील बहुतेक गावी दरवर्षी ऐकावयास मिळते. यंत्र बंद पडण्याची कारणे अनेक असतात. परंतु माझ्या दहा-अकरा वर्षांच्या नोकरीत एक कारण मला इतक्या वेळा आढळून आले आहे की, त्याविषयी स्वतंत्रपणे लिहिणे मला अगत्याचे वाटते. ते कारण म्हणजे ॲल्युमिनिअमच्या कवचात बसविलेला पोलादी बोल्ट.

रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका गावी तीन भावांनी मिळून एक लहान पॉवर टिलर घेतला होता. दोन हंगाम त्याने उत्तम काम दिले. तिसऱ्या वर्षी आर्द्रा नक्षत्र लागण्याच्या सुमारास आसाजवळचे ऑइल सील गळू लागले. सील बदलणे हे काही मोठे काम नव्हे. गिअरपेटीच्या झाकणाचे सहा बोल्ट सोडावयाचे, जुने सील काढून नवे बसवावयाचे, आणि झाकण पुन्हा लावावयाचे. चार बोल्ट कसेबसे निघाले. पाचव्यासाठी पान्याला हातभर लांबीचा पाइप लावून दोघांनी जोर केला, तेव्हा त्याचे डोके तुटून हातात आले. सहावा निघाला, पण एकटा निघाला नाही. कवचातील आटे पांढऱ्या भुकटीसह त्याला चिकटून बाहेर आले. तालुक्याच्या वर्कशॉपमध्ये हे काम होण्यासारखे नव्हते. नवे कवच कोल्हापुराहून मागवावे लागले आणि यंत्र पुन्हा चालू होईपर्यंत अकरा दिवस गेले. तोवर तरवा ३५ दिवसांचा झाला होता. भाताची रोपे साधारणतः २१ ते २५ दिवसांची असताना लावावीत असे आपण सांगतो, कारण जून झालेल्या रोपांना फुटवे कमी येतात. सील किरकोळ किमतीचे होते. ते बदलण्यासाठी गेलेले अकरा दिवस मात्र त्या घराला वर्षभराच्या तांदळात मोजावे लागले.

मी गेलो तेव्हा थोरले भाऊ म्हणाले, "साहेब, लोखंड गंजले असते तर समजलो असतो. हे तर जर्मन! याला कधी गंज चढतो काय? कंपनीने मालच हलका दिला."

आमच्याकडे ॲल्युमिनिअमला अजूनही जर्मन म्हणतात हे वाचकांस ठाऊक आहेच. त्या गृहस्थांच्या म्हणण्यात दोन समजुती होत्या. पहिली, ॲल्युमिनिअम गंजत नाही. आणि दुसरी, दोष मालाचा आहे. दोन्ही समजुती सर्वत्र आढळतात, आणि मला वाटते, जोवर त्या दूर होत नाहीत तोवर ग्रीसच्या डब्या कितीही वाटल्या तरी उपयोग होणार नाही.

ॲल्युमिनिअम हा मुळात फार चपळ धातू आहे. हवा लागताच त्याच्या पृष्ठावर ऑक्साइडचा एक पापुद्रा तयार होतो. तो कागदाहून हजारो पटींनी पातळ असतो, पण घट्ट असतो, आणि खरवडला गेला तरी हवेत लगेच पुन्हा तयार होतो. या पापुद्र्यामुळेच जर्मनचे पातेले वर्षानुवर्षे टिकते. मात्र आंबट पदार्थ, चुन्याचे पाणी आणि मीठ ही तिन्ही या पापुद्र्याचे शत्रू होत. चिंच-कोकमाचे सार जर्मनच्या भांड्यात रात्रभर ठेवू नये, ही आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांची शिकवण यामुळेच योग्य आहे. पापुद्रा भंगला आणि त्याच वेळी शेजारी दुसरा धातू टेकलेला असला, म्हणजे ॲल्युमिनिअमची झीज जोराने सुरू होते. लोखंडाचा गंज तांबडा असतो म्हणून तो दिसतो. ॲल्युमिनिअमचा गंज पांढरा असतो, म्हणून तो धूळ समजून पुसला जातो. ही पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापते. बोल्ट आणि भोक यांच्या दरम्यान तिला फुगावयास जागा नसल्यामुळे ती पाचर ठोकल्याप्रमाणे बोल्टाला आवळून धरते. थोरल्या भावांच्या पान्याखाली जे तुटले ते याच पाचरीमुळे.

आता शेजारच्या धातूने असे काय होते, हे समजण्यासाठी पुस्तक उघडण्याची गरज नाही. बोर्डो मिश्रण तयार करणारा प्रत्येक सुपारी बागायतदार हा प्रयोग दर पावसाळ्यात करतो. १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना असे एक टक्का मिश्रण तयार झाल्यावर त्यात स्वच्छ घासलेला विळा किंवा सुरी क्षणभर बुडवावयाची. पात्यावर तांबूस पुट चढले तर मोरचूद मोकळे आहे असे समजून आणखी चुन्याची निवळी घालावयाची. ते तांबूस पुट म्हणजे शुद्ध तांबे. ते पाण्यातून येऊन पात्यावर बसले आणि तेवढ्या हिशेबाने पात्यातील लोखंड पाण्यात उतरले. म्हणजे तांबे आणि लोखंड एकत्र आले की तांबे स्थिर राहते आणि लोखंड जागा सोडते. धातूंमध्ये अशी एक पायरी ठरलेली आहे. खाऱ्या पाण्यात ती साधारणपणे अशी लागते: सर्वांत आधी झिजणारे मॅग्नेशिअम, मग जस्त, मग ॲल्युमिनिअम, मग साधे पोलाद, मग शिसे व कथील, मग पितळ व तांबे, आणि त्यांच्याही पलीकडे, ज्याचे स्वतःचे काही बिघडत नाही असे स्टेनलेस पोलाद आणि ग्रॅफाइट. कोणतेही दोन एकमेकांस टेकवून ओले केले तर यादीतील आधीचा धातू झिजतो, नंतरचा वाचतो. आणि दोघांत अंतर जितके अधिक, तितका झिजेचा जोर अधिक.

इटलीतील व्होल्टा या शास्त्रज्ञाने १८०० साली जस्त आणि रुपे यांच्या चकत्या मिठाच्या पाण्यात भिजविलेल्या तुकड्यांसह एकावर एक रचून पहिली विजेरी बनविली. तीच विजेरी आपल्या टिलरच्या प्रत्येक बोल्टाच्या भोकात नकळत बसलेली असते. तिला चालण्यासाठी तीन गोष्टी लागतात: दोन निराळे धातू, त्यांचा एकमेकांस स्पर्श, आणि दोघांना जोडणारे ओले, खारट पाणी. तिन्हींपैकी एक काढून घेतली की विजेरी बंद. यास्तव बोल्ट सोडतेवेळी आपली ताकद अजमावण्यापेक्षा, बोल्ट बसवितेवेळी या तिन्हींपैकी आपणास काय काढून घेता येईल याचा विचार करणे अधिक शहाणपणाचे आहे. या लेखात मला सांगावयाचे आहे ते मुख्यतः एवढेच.

हे ज्ञान नवे नाही. ब्रिटिश आरमारातील 'अलार्म' या लाकडी जहाजाच्या तळाला १७६१ साली तांब्याचा पत्रा मढविण्यात आला. पत्रा ठोकण्यास लोखंडी खिळे वापरले होते. दोन वर्षांनी जहाज तपासले असता ठिकठिकाणी खिळे कुजून पत्रा सुटलेला आढळला. परंतु काही खिळे जसेच्या तसे होते. पत्र्याच्या गुंडाळीसोबत आलेला तपकिरी कागद कामगारांनी काही ठिकाणी न काढताच पत्रा ठोकला होता. जेथे तो कागद तांबे व लोखंड यांच्यामध्ये राहिला तेथे खिळे वाचले होते. आपल्या हर्णै किंवा मिरकरवाडा बंदरातील मच्छीमार बांधव आजही बोटीच्या तळाला, पंख्याजवळ, जस्ताची वडी बसवितात. ती वडी झिजते आणि पोलाद वाचते. ही युक्ती इंग्लंडातील हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ साली आरमारासाठी शोधून काढली. मच्छीमार वडी झिजली की नवी बसवितो आणि त्याबद्दल कोणाला दोष देत नाही. त्याच गावातील शेतकऱ्याला मात्र आपल्या यंत्रात तेच चालले आहे याची कल्पना नसते, आणि ती त्याला देण्याचे काम आपण केलेले नाही.

'आपण' म्हणताना मी स्वतःला वगळत नाही, उलट माझी चूक अधिक मोठी आहे. वरील घटनेनंतर मी दोन-तीन गावांच्या सभांत मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की, साधे बोल्ट काढून टाका आणि सर्वत्र स्टेनलेसचे बसवा. स्टेनलेस गंजत नाही. लोकांनी ऐकले. एका बागायतदाराने तर आपल्या फवारणी पंपाच्या इंजिनाचे बाहेरचे सर्व बोल्ट बदलून घेतले. दोन पावसाळ्यांनंतर त्यांनी मला मुद्दाम घरी बोलाविले आणि ते इंजिन दाखविले. बोल्ट चांदीसारखे लखलखीत होते. प्रत्येक बोल्टाभोवतीचे ॲल्युमिनिअम मात्र वाळवीने खाल्ल्याप्रमाणे पोखरले होते. ते गृहस्थ वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. ते रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, "बोल्ट वाचले, साहेब." मी कृषी महाविद्यालयात धातूंची वर दिलेली पायरी पाठ केली होती आणि परीक्षेत तिच्यावर गुणही मिळविले होते. परंतु स्टेनलेस पायरीवर कोठे बसते आणि ॲल्युमिनिअमपासून किती दूर बसते, याचा विचार सभेत बोलताना माझ्या मनात आला नाही.

म्हणून आता मी स्पष्टपणे सांगतो की, खाऱ्या हवेत किंवा खताच्या संपर्कात, नुसता कोरडा स्टेनलेस बोल्ट ॲल्युमिनिअममध्ये बसविणे हा उपाय नव्हे. स्टेनलेस वापरण्यास हरकत नाही, त्याचे बळ व टिकाऊपणा उपयोगाचे आहेतच. पण त्याच्या आणि ॲल्युमिनिअमच्या मध्ये काहीतरी असलेच पाहिजे. ते जमत नसेल तर जाड जस्तलेपित बोल्ट बरा, कारण जस्त आणि ॲल्युमिनिअम पायरीवर शेजारी आहेत आणि झीज आधी जस्ताची होते. बाजारात पातळ, पिवळसर किंवा निळसर चकाकीचे जस्त चढविलेले बोल्ट स्वस्त मिळतात. त्यांचे जस्त एक-दोन पावसाळ्यांत संपते व खाली साधे पोलाद उघडे पडते. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला बोल्ट दिसावयास ओबडधोबड व करड्या रंगाचा असतो. घेताना तो घ्यावा, आणि त्याला जुळणारा नट त्याच दुकानातून घ्यावा, कारण जाड लेपामुळे त्यावर नेहमीचा नट चढत नाही.

मध्ये काय घालावे, याविषयी आता थोडे विस्ताराने सांगतो. बोल्टाच्या डोक्याखाली नायलॉनचा वॉशर, आणि शक्य असेल तेथे बोल्टाच्या अंगाभोवती नायलॉनची बारीक नळी, म्हणजे भोकाच्या कडेला धातू टेकत नाही. परंतु जेथे बोल्ट ॲल्युमिनिअममध्येच आटे धरतो, तेथे वॉशरने अर्धेच काम होते. आट्यांत लेप भरला पाहिजे. पाण्याने न धुपणारे ग्रीस आट्यांत सर्वत्र भरले तर पाण्यास शिरण्यास जागा राहत नाही. बोल्ट जाम होऊ नये म्हणून निराळे लेपही दुकानात मिळतात. मात्र त्यांत तांब्याची पूड असलेला किंवा ग्रॅफाइटचा काळा लेप ॲल्युमिनिअमसाठी, विशेषतः किनाऱ्यालगत, घेऊ नये. तांबे आणि ग्रॅफाइट दोन्ही पायरीच्या दुसऱ्या टोकाला आहेत, हे वाचकांच्या ध्यानी असेलच. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे वॉशर म्हणून वापरण्याची गावोगावी पद्धत आहे. पत्र्याच्या झाकणाला ते चालतील. परंतु ज्या सांध्यावर भार किंवा कंप आहे तेथे रबर दबते, बोल्ट सैल होतो, आणि सैल बोल्ट जाम बोल्टापेक्षा अधिक घातक. जळके ऑइल फासणे नांगराच्या फाळाला ठीक आहे. सांध्यात ते टिकत नाही. धूळ मात्र धरून ठेवते.

लेप लावलेला बोल्ट कोरड्या बोल्टाच्या मानाने कमी जोराने आवळला तरी तितकाच घट्ट बसतो, हेही लक्षात ठेवावे. सवयीने पूर्वीइतकाच जोर लावला तर ॲल्युमिनिअमचे मऊ आटे निघून येतील, आणि मग दोष ग्रीसला दिला जाईल.

रंगाविषयी एक गोष्ट उलटी वाटेल, पण ती खरी आहे. पोलाद आणि ॲल्युमिनिअम जोडले असता पुष्कळ जण ॲल्युमिनिअमला रंग देतात, कारण झिजते ते ॲल्युमिनिअम. रंग एकाच बाजूला देणे शक्य असेल तर तो पोलादाला द्यावा. नुसते ॲल्युमिनिअम रंगविले आणि त्यावर एक ओरखडा पडला, तर सर्व झीज त्या एका ओरखड्यात एकवटते आणि तेथे आरपार भोक पडते. झिजणारा धातू थोडा आणि टिकणारा पुष्कळ, अशी स्थिती सर्वांत वाईट. याच कारणाने लोखंडी टाकीच्या पत्र्याला ॲल्युमिनिअमचे रिव्हेट मारू नयेत; मोठ्या ॲल्युमिनिअमच्या पत्र्यात लहान पोलादी बोल्ट असला तर त्यामानाने झीज सावकाश होते. आपल्या टिलरमध्ये ही दुसरी, सौम्य स्थिती असते. तरीही बोल्ट जाम होतात, कारण पाणी साऱ्या कवचावर पसरून राहत नाही. ते बोल्टाच्या बुडाशी, चिखलाच्या गोळ्याखाली, आठवडेच्या आठवडे साचून राहते.

आणि ते पाणी साधे नसते. वरील तीन भाऊ उन्हाळी भाजीचे काम आटोपले की यंत्र खाडीत धूत असत. विहीर दूर होती आणि खाडी पायाशी होती. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. पण खाडीपासून शंभर कोस दूर असलेल्या शेतकऱ्याने निर्धास्त राहू नये. म्युरेट ऑफ पोटॅश हे खत म्हणजे पोटॅशिअमचे क्लोराइड. धातूच्या दृष्टीने ते मिठाचेच भावंड. अमोनिअम सल्फेटही हवेतील ओल ओढून घेते. मोटारसायकलवर खताचे पोते नेताना सांडलेले चार दाणे चाकाच्या तुंब्याजवळ अडकले की तेथे देशावरच्या कोरड्या हवेतसुद्धा समुद्रकिनारा तयार होतो. बोर्डो मिश्रणाचा धोका तर दुहेरी आहे. त्यातील चुना पापुद्रा विरघळवितो, आणि मिश्रणात तांबे मोकळे राहिले असल्यास ते विळ्यावर बसते तसेच ॲल्युमिनिअमवर बारीक ठिपक्यांच्या रूपाने बसते व प्रत्येक ठिपका स्वतंत्र विजेरी बनून खाली खड्डा पाडतो. यास्तव फवारणी संपल्यावर पंप त्याच दिवशी गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुतला पाहिजे. दुसऱ्या दिवशी धुऊ, असे म्हणणाऱ्याने मिश्रण रात्रभर पंपाच्या अंगावर वाळविलेले असते.

मोटारसायकलचा विषय निघालाच आहे तर गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्याच वाहनापासून प्रारंभ करावा, असे मी सुचवीन. हल्लीच्या बहुतेक मोटारसायकलींची चाके ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूची असतात आणि आस पोलादी असतो. पंक्चर झाल्यावर आस हातोडीने ठोकून काढण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे त्यांना अधिक सांगावयास नको. आस बाहेर काढून, पुसून, ग्रीसचा पातळ हात देऊन पुन्हा घालणे हे वर्षातून एकदा करावयाचे काम आहे. चारचाकी वाहनांस मिश्रधातूची चाके असतील, तर पोलादी तुंब्याला टेकणारी चाकाची आतली बाजू तारेच्या ब्रशाने स्वच्छ करून तेथे अगदी पातळ लेप द्यावा, म्हणजे चाक तुंब्याला धरत नाही. पण चाकाच्या नटबोल्टांच्या आट्यांना, किंवा नट जेथे चाकावर बसतो त्या जागेला, उत्पादकाने सांगितल्याखेरीज ग्रीस लावू नये. तेथे आवळण्याचा जोर नेमून दिलेला असतो. ग्रीसमुळे तो बिघडतो, आणि चालत्या गाडीचे चाक हा प्रयोगाचा विषय नव्हे. ब्रेकच्या तबकडीला ग्रीसचा स्पर्शही होता कामा नये.

सौर कृषी पंप आता गावोगावी उभे राहत आहेत, आणि तेथे हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर येणार आहे. सौर पट्ट्यांची चौकट ॲल्युमिनिअमची, सांगाडा जस्तलेपित पोलादाचा, बोल्ट बहुधा स्टेनलेसचे. चौकटीवर कारखान्यातच ऑक्साइडचा जाड थर चढविलेला असतो, तो पुष्कळ संरक्षण देतो. पण क्लॅम्प बसविताना घसरलेल्या पान्याने तो थर खरवडला तर ते रक्षण तेथे संपते. मला विशेष चिंता वाटते ती भू-तारेची. अर्थिंगची तांब्याची उघडी तार थेट ॲल्युमिनिअमच्या चौकटीला गुंडाळलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. असे असेल तर चौकट तेथे कुजणार आणि काही पावसाळ्यांनंतर तारेचा संबंध तुटणार, म्हणजे वीज पडली असता ज्या तारेने वाचवावयाचे तीच निरुपयोगी. तारेच्या टोकाला कथलाची कल्हई असलेला लग असावा, आणि लग व चौकट यांच्यामध्ये स्टेनलेसचा वॉशर असावा. येथे नायलॉन मात्र घालू नये, कारण या एका सांध्यात वीज वाहू देणे हेच काम आहे. त्यास्तव स्पर्श तोडता येत नसेल तर पाणी तोडावे, म्हणजे सांधा पूर्ण आवळून झाल्यावर त्याच्यावर बाहेरून लेप द्यावा. अर्थात हे काम शेतकऱ्याने स्वतः करू नये. दिवसा त्या पट्ट्यांत जीवघेणा दाब असतो. योजनेतील पंपाची पाच वर्षांची देखभाल पुरवठादाराकडे असते. शेतकऱ्याने पाहावयाचे, कार्यकर्त्याने लिहून घ्यावयाचे आणि पुरवठादाराकडून करवून घ्यावयाचे.

माझे एक सहकारी म्हणतात की, हे सर्व मेकॅनिकचे काम. आपण पिकांचे लोक, आपण बियाणे, खत, कीड यांविषयी बोलावे. मला हे मान्य नाही. ज्या दिवशी आपण नांगर आणि बैल यांच्या जागी इंजिन सुचविले, त्या दिवशी इंजिनाचा बोल्टही आपला विषय झाला. बैल आजारी पडला तर शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान होते. यंत्राविषयी ते ज्ञान त्याच्या घरात नाही, आणि मेकॅनिक त्याच्याकडे बिघाड झाल्यावर येतो, आधी येत नाही. यंत्र देण्याचा समारंभ आपण करतो. हार घालतो, छायाचित्र घेतो, अनुदानाचे कागद पुरे करतो. त्या दिवशी पाना मात्र कोणी हातात घेत नाही. गटाच्या किंवा अवजारे बँकेच्या यंत्राची दशा तर अधिकच केविलवाणी. ते सर्वांचे असते म्हणून त्याला पुसणारा कोणी नसतो.

माझी सूचना अशी आहे. यंत्र ताब्यात देतेवेळीच, मालकाच्या हातून, बाहेरचे मोकळे बोल्ट एकेक करून सोडवावेत, आट्यांत ग्रीस भरवावे आणि पुन्हा बसवावेत. सर्व एकदम सोडू नयेत; एक सोडावा, एक बसवावा. इंजिनाच्या माथ्याचे आणि नेमून दिलेल्या जोराने आवळावयाचे बोल्ट या कामातून वगळावेत, आणि हमीच्या अटी आधी वाचाव्यात. हेच काम पुन्हा दरवर्षी वैशाखात, रोहिणीपूर्वी, करावे. आधीच जाम झालेला बोल्ट आढळला तर त्यावर पातळ भेदक तेल सोडून रात्रभर ठेवावे, दुसऱ्या दिवशी डोक्यावर हलके ठोके द्यावेत, आणि पान्याने थोडे सोडण्याच्या, थोडे आवळण्याच्या दिशेने हलवीत काढावा. पाइप लावू नये. वैशाखात बोल्ट तुटला तर कवच मागविण्यास महिनाभर अवकाश असतो.

ज्यांना हे पटणार नाही त्यांच्यासाठी सभेत एक लहानसा प्रयोग करता येतो. दोन पेले मिठाचे पाणी घ्यावे. जर्मनच्या मोडक्या पातेल्याचे दोन तुकडे राखेने घासून स्वच्छ करावेत. एकाला उघडी तांब्याची तार घट्ट गुंडाळावी, दुसरा तसाच ठेवावा, आणि एकेक तुकडा एकेका पेल्यात बुडवून पेले ग्रामपंचायतीच्या खिडकीत ठेवावेत. आठवड्याने पुढच्या सभेत ते सर्वांस दाखवावेत. गावातील वायरमनपाशी मीटर असेल तर आणखी चांगले. खाऱ्या पाण्यात एका बाजूस जर्मनचा तुकडा, दुसऱ्या बाजूस तांब्याची तार, दोन्ही एकमेकांस न टेकविता बुडवून मीटर जोडला की काटा सुमारे अर्धा व्होल्ट दाखवितो. पोलाद आणि ॲल्युमिनिअम यांच्यात तो याहून कमी असतो, पण तो रात्रंदिवस चालू असतो.

खाडीकाठच्या त्या गावी मी हा प्रयोग केला तेव्हा थोरले भाऊ पुढच्या रांगेत बसले होते. मीटरचा काटा हलला तसे ते उठून पेल्यापाशी आले, तार उचलून पुन्हा बुडवून पाहिली, आणि धाकट्याला म्हणाले, "उद्यापासून टिलर विहिरीवर न्यायचा." नव्या कवचाचे सहाही बोल्ट त्यांनी त्याच संध्याकाळी माझ्यादेखत सोडले. पाच सहज निघाले. सहाव्यावर पांढरी रेघ धरू लागली होती.